वर्तमानपत्रातली उन्हाळी इंटर्नशिप, गोवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी संपत आला की माझ्या फोनवर तेच ते मेसेज यायला लागतात. "मॅडम, तुमच्याकडे इंटर्नशिप आहे का?" इथपासून "मॅडम, माझ्या काकांविरुद्ध बातमी आहे, काय करू?" इथपर्यंत. पणजीतल्या एका मराठी दैनिकात मी डेस्कवर उपसंपादक आहे आणि उन्हाळ्यात येणारी मुलं माझ्याच शेजारच्या खुर्चीवर बसतात. एकेकाला वेगळं उत्तर देऊन बोटं दुखली, म्हणून सगळे प्रश्न एका जागी आणले. तुमच्या दैनिकाची रीत वेगळी असली तर तिथली रीत पाळा.

१. इंटर्नने नेमकं काय करायचं असतं? चहा आणावा लागतो का?

चहा कँटीनचा मुलगा आणतो. तुम्ही पहिला आठवडा बहुधा डेस्कवर काढता: प्रेस नोटच्या बातम्या करणं, 'आजचे कार्यक्रम', मुद्रितं (प्रुफं) वाचणं, निधनवार्ता. मग एखाद्या बातमीदाराच्या मागे बाहेर, आणि हात बसला तर शेवटच्या दोन आठवड्यांत स्वतःच्या बातम्या. एकूण चार ते सहा आठवडे.

निधनवार्ता दिली की मुलांची तोंडं उतरतात. मला मात्र तीच खरी परीक्षा वाटते. चार ओळींत वय, गाव, नाती, अंत्यसंस्काराची वेळ, सगळं बिनचूक यावं लागतं. मंत्र्याच्या नावात काना राहिला तर मंत्री दुसऱ्या दिवशी विसरतो. निधनवार्तेत धाकट्या सुनेचं नाव राहिलं तर ते घर दहा वर्षं विसरत नाही.

२. अर्ज कधी आणि कुणाकडे करायचा?

मार्चमध्ये. परीक्षा संपल्यावर मे उजाडता अर्ज केलात तर खुर्च्या भरलेल्या असतात. अर्ज संपादकांच्या नावे, सोबत कॉलेजचं पत्र आणि तुम्ही स्वतः लिहिलेले दोन मजकूर. कॉलेजच्या अंकातली कविता चालत नाही असं नाही, पण तुमच्या गावातल्या बंद पडलेल्या नळावर दोनशे शब्द लिहून पाठवलेत तर संपादक ते आधी वाचतील. सगळ्या दैनिकांना एकच ईमेल, तीही सगळ्यांचे पत्ते दिसतील अशी, पाठवू नका. दर वर्षी एक तरी येते.

३. मी पत्रकारितेचा विद्यार्थी नाही. बीकॉम करतोय. चालेल का?

चालेल. आकडे वाचता येणारा माणूस डेस्कवर नेहमीच कमी पडतो.

४. पैसे मिळतात का?

काही ठिकाणी थोडं मानधन, काही ठिकाणी प्रवासखर्च, बऱ्याच ठिकाणी काहीच नाही. पहिल्या भेटीतच विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. काणकोणहून पणजीला रोज येणाऱ्या मुलाचं तिकीट आणि जेवण कुणीतरी भरतंच, बहुतेक वेळा त्याची आई. फुकट राबवून घेण्याची ही रीत मला स्वतःला पटत नाही, पण ती आहे हे माहीत असून या. घराजवळ दैनिकाचं तालुका कार्यालय असेल (मडगाव, म्हापसा, फोंडा, डिचोली) तर तिथे बसू देतील का, हेही विचारा. तिथे डेस्क कमी, पण बातम्या जास्त पाहायला मिळतात.

५. मराठी दैनिक बरं की इंग्रजी?

तुमचा हात ज्या भाषेत चालतो ते. गोव्यात वर्तमानपत्राची भाषा बदलणं नवं नाही: 'ओ हेराल्दो' १९०० साली पोर्तुगीजमध्ये सुरू झाला आणि १९८३ मध्ये इंग्रजी झाला. मराठीत मुक्तीनंतर लगेच, १९६२ साली 'गोमन्तक' आलं, १९७० मध्ये 'नवप्रभा', आणि बेळगाव-कोल्हापूरकडच्या दैनिकांच्या गोवा आवृत्त्याही आहेत.

शिकण्याच्या दृष्टीने माझं मत थोडं पक्षपाती आहे. मराठी दैनिकाचा वाचक डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा असा आत आत पसरलेला आहे, त्यामुळे इथे इंटर्नला वॉर्डातल्या गटारापर्यंत जावं लागतं. फक्त पणजीतले परिसंवाद कव्हर करायचे असतील तर कुठेही जा.

६. आमच्या घरी कोकणी बोलतात. माझं मराठी छापण्याजोगं आहे का?

डेस्कवरच्या निम्म्या लोकांच्या घरी कोकणीच बोलतात. ती अडचण नाही, उलट भांडवल आहे. मुलाखत कोकणीत घ्या, बातमी मराठीत लिहा. फक्त अवतरणचिन्हांत माणसाचं बोलणं घालताना त्याचा अर्थ बदलू नका, आणि एखादा शब्द मराठीत नेमका येत नसेल तर कोकणी तसाच ठेवून विचारा.

गोंधळ होतो तो जवळच्या शब्दांत आणि लिंगात. तो सुधारायला एकच उपाय मला ठाऊक आहे: तुमची बातमी छापून आली की मूळ कॉपी शेजारी ठेवून ओळीनं ओळ बघा की काय बदललं. बहुतेक मुलं फक्त नाव आलं का ते बघतात.

७. मी सिंधुदुर्गातून येतेय. गोव्याबद्दल आधी काय माहीत असावं?

आधी शब्द. तुमच्याकडे तहसीलदार, इथे मामलेदार. तुमच्याकडे विभाग, इथे खातं. तुमच्याकडे सात-बारा, इथे एक-चौदाचा उतारा. कोमुनिदाद म्हणजे गावकऱ्यांची जुनी सामाईक जमीन सांभाळणारी संस्था, तिला ग्रामपंचायत समजू नका. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवर घर करून राहणारा, तो भाडेकरू नव्हे आणि कूळही नव्हे; त्याच्यासाठी १९७५ चा स्वतंत्र कायदा आहे. खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून राखलेली शेती, आणि त्या बांधातलं पाणी आत-बाहेर सोडणारं दार म्हणजे मानस. 'मानस फुटलं' ही बातमी आली आणि तुम्ही ती मनोविकाराची समजलात, असं होऊ नये. (झालेलं आहे.)

मग गावांची नावं. प्रेस नोट इंग्रजीत येते आणि तिच्यातलं 'अरंबोल' आपलं हरमल, 'चोराव' म्हणजे चोडण, 'आल्डोना' म्हणजे हळदोणे. पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगमध्ये एक्स हे अक्षर 'श' असतं, म्हणून 'झेल्डेम' असं काही लिहून आणू नका, ते शेल्डे. एकाच नावाची गावं हा आणखी वेगळा सापळा: केरी पेडण्यात आहे, सत्तरीत आहे आणि फोंड्यातही आहे. शिरोडा फोंडा तालुक्यात आहे आणि तुमच्या वेंगुर्ल्यातही. गावापुढे तालुका लिहिल्याशिवाय कॉपी देऊ नका. का, ते प्रश्न ११ मध्ये आहे.

८. टायपिंग येत नाही. मोबाइलवर बोलून लिहितो, चालेल?

बाहेरून तातडीची बातमी पाठवायला चालेल. पण ते अवजार 'पंच' चं 'पंचवीस' करतं, तेव्हा पाठवण्याआधी वाचा. कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकून या, रोज अर्धा तास दिलात तर तीन आठवड्यांत बसतो. आणखी एक: अनेक मराठी दैनिकांत पान अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये लागतं. तुमचा मजकूर बदलून घेताना जोडाक्षरं आणि रफार उडतात. 'कार्यकर्ते' पानावर धड उतरले का, ते मुद्रितात बघायचं काम तुमचं.

९. मे-जूनमध्ये बातम्या असतात तरी का? सगळे तर सुट्टीवर.

मला विचाराल तर वर्षातला सगळ्यात चांगला मोसम हाच. शिरगावची लईराईची जत्रा वैशाखात येते. ती कव्हर करायला एकट्याने जाऊ नका: ३ मे २०२५ च्या पहाटे तिथे चेंगराचेंगरी होऊन माणसं दगावली, आणि अशा वेळी मृतांचा आकडा तासातासाला बदलतो. तो पोलिस आणि गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) यांच्याकडूनच घ्यायचा, गर्दीतल्या कुणाकडून नाही. दहावी-बारावीचे निकालही पूर्वी याच सुमारास लागायचे, २०२५ मध्ये ते मार्च-एप्रिलमध्येच लागले. निकालाच्या दिवशी पहिल्या आलेल्या मुलीकडे सगळे धावतात. एकदा एका इंटर्नने नापास झालेल्यांसाठी पुरवणी परीक्षेची माहिती नीट गोळा करून दिली आणि त्या बातमीसाठी ऑफिसात सर्वांत जास्त फोन आले.

मेच्या मध्यापासून मडगाव, म्हापशाच्या बाजारात पुरुमेंताची (पावसाळ्याच्या बेगमीची) खरेदी: सुकी मासळी, मिरच्या, सोलं, कांद्याच्या माळा. भाव विचारायला जा, पण गेल्या वर्षीचा भावही त्याच बाईला विचारा, नाहीतर 'महागाईचा फटका' हा मथळा नुसता हवेत राहतो. ३० मे घटक राज्य दिन. १९८७ साली याच तारखेला गोवा पंचविसावं राज्य झालं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा मालिमच्या जेटीवर ट्रॉलर कसे बांधतात, परप्रांतीय खलाशी गावी कसे जातात, जाळी कोण दुरुस्त करतं, ते बघा. मग पाऊस. गटारं उपसल्याचे पालिकेचे दावे मेमध्ये नोंदवून ठेवा, तारखेसकट, फोटोसकट. पहिल्या मोठ्या पावसात त्याच जागेवर परत जा. निम्मी बातमी तुमच्या वहीत आधीच लिहिलेली असते.

१८ जूनला क्रांती दिन. १९४६ साली लोहियांनी मडगावात सभा घेतली तो दिवस. २४ जूनला सांजाव (संत जॉनचं फेस्त), शिवोलीला होड्यांची सांगोडं (सजवलेले तराफे). विहिरीत उड्या मारणाऱ्या पोरांचा फोटो दर वर्षी सगळेच छापतात. डोक्यावरची कोपेलां (फुलापानांचे मुकुट) कोण विणतं, हे विचारायला कुणी जात नाही.

१०. बायलाइन, म्हणजे बातमीवर माझं नाव, मिळेल का?

प्रेस नोटला नाही. स्वतः जाऊन, दोन-तीन माणसांशी बोलून आणलेल्या बातमीला मिळू शकते. नाहीतर 'प्रतिनिधी, पणजी' यात समाधान माना. बायलाइनसाठी बातमीदाराशी भांडू नका, तो तुम्हाला पुढच्या वेळी बरोबर नेणार नाही.

११. माझ्या बातमीत चूक छापली गेली. आता?

लगेच, सकाळीच, तुम्ही स्वतः वृत्तसंपादकांना फोन करा. तक्रार येईपर्यंत थांबू नका आणि ज्याची चूक झाली त्या माणसाला परस्पर 'उद्या दुरुस्ती छापतो' असं वचनही देऊ नका. दुरुस्ती किंवा खुलासा छापायचा की नाही, किती छापायचा, हे संपादक ठरवतात. वेब आवृत्ती मात्र तासाभरात सुधारता येते, तेव्हा ती आठवणीने सांगा.

माझी गोष्ट सांगते. शिकाऊ असताना एका दैनिकात मी पाणीटंचाईची बातमी केली. फोनवर माहिती मिळाली, गाव केरी. मी डोळे झाकून बातमीच्या सुरुवातीला 'वाळपई' (सत्तरीचं मुख्य ठिकाण) अशी डेटलाइन टाकली, कारण माझ्या डोक्यात केरी म्हणजे सत्तरीतलंच. टंचाई होती फोंड्याच्या केरीत. सकाळी सत्तरीच्या केरीहून फोन आला की आमच्याकडे पाणी आहे, आमची बदनामी का करता? दुपारी फोंड्याहून आला की आमच्याकडे पाणी नाही, आमची बातमी का नाही? एका चुकीत दोन गावं नाराज. दोन्ही फोन मलाच घ्यायला लावले. तेव्हा राग आला होता. आता मीही इंटर्नकडेच फोन देते.

खातरजमेचा दुसरा फोन दोन मिनिटांचा असतो. "तुम्ही आताच बोललात ना, परत कशाला?" असं समोरचा कुरकुरेल. कुरकुरू दे.

१२. अधिकारी फोन उचलत नाहीत. उचलला तरी 'माझं नाव घालू नका' म्हणतात.

आधी मेसेज करा: कोण, कुठल्या दैनिकातून, कोणता एकच प्रश्न. तरी उत्तर नाही तर खात्यात जाऊन बसा. सकाळी साडेदहाच्या सुमाराला साहेब टेबलावर सापडण्याची शक्यता जास्त. 'नाव घालू नका' म्हणाले तर ती माहिती वापरायची की नाही हे तुम्ही ठरवायचं नाही, बातमीदाराला विचारायचं. आणि संपर्क झालाच नाही तर बातमीत 'संपर्क होऊ शकला नाही' लिहिण्याआधी किमान दोनदा, वेगवेगळ्या वेळी प्रयत्न केलेला असू द्या. एकदा रिंग देऊन ते वाक्य लिहिणाऱ्यांचा मला भारी राग.

कागद हवा असेल तर माहिती अधिकार. २००५ च्या कायद्याखाली अर्जाला दहा रुपये आणि उत्तराला ३० दिवसांची मुदत. इंटर्नशिप सहा आठवड्यांची असेल तर अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका, नाहीतर उत्तर येईल तेव्हा तुम्ही कॉलेजात असाल. अर्ज नागरिक म्हणून स्वतःच्या नावाने करायचा, दैनिकाच्या लेटरहेडवर नाही.

१३. विधानसभा, ग्रामसभा, कोर्ट इथे मला जाता येईल का?

अधिस्वीकृती पत्र माहिती व प्रसिद्धी खातं नियमित पत्रकारांना देतं, इंटर्नला नाही. तुमच्याकडे दैनिकाचं पत्र असेल, ते खिशात ठेवा. पर्वरीला विधानसभेच्या पत्रकार कक्षासाठी वेगळा पास लागतो आणि पावसाळी अधिवेशन बहुधा जुलैत असतं, म्हणजे मेमध्ये आलेल्यांचा तो प्रश्न आपोआप सुटतो.

ग्रामसभा मात्र सोडू नका. राज्यात १९१ पंचायती आहेत आणि सभा बहुधा रविवारी भरते. बोलण्याचा आणि मतदानाचा हक्क तिथल्या मतदारांचा. तुम्ही मागे बसा, लिहा, ठराव नेमक्या शब्दांत सचिवाकडून तपासून घ्या. सरपंच बाहेर जायला सांगू लागला तर वाद घालू नका, कार्यालयात फोन करा. कोर्टात खुल्या सुनावणीला बसता येतं. पण मुलांसंबंधीचे खटले बंद दाराआड चालतात. त्याबद्दल पुढचा प्रश्न.

१४. गुन्ह्याच्या बातमीत कुणाचं नाव घालायचं नाही?

लैंगिक अत्याचाराच्या पीडितेचं नाव किंवा ओळख पटेल असं काहीही नाही (भारतीय न्याय संहितेचं कलम ७२). बालक असेल तर पोक्सोचं (बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं) कलम २३. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलाचंही नाही, म्हणजे आरोप त्याच्यावर असला तरी नाही (बाल न्याय कायदा, कलम ७४). पोलिसांच्या प्रेस नोटमध्ये चुकून नाव आलं असलं तरी आपण छापायचं नाही.

'ओळख पटेल असं' या तीन शब्दांवर गोव्यात जास्त थांबावं लागतं. मुंबईत 'अंधेरीतील एक विद्यार्थिनी' म्हटलं तर लाखोंत कुणी ओळखणार नाही. इथे 'सांगे तालुक्यातील अमुक गावातली, वडील टॅक्सीचालक, दहावीत शिकणारी' असं लिहिलंत की वाड्यावर सगळ्यांना कळतं. आरोपी नात्यातला असेल तर आरोपीचं नाव छापलं तरी मुलगी उघडी पडते. म्हणून अशा बातमीत गाव, शाळा, नातं, धंदा यांतलं काय ठेवायचं हे डेस्कशी बोलून ठरवा, आणि शंका असेल ते काढा. दुसऱ्या दैनिकाने एक तपशील छापला आणि आपण दुसरा, तर वाचक दोन्ही जोडतो, हेही ध्यानात ठेवा.

१५. पत्रकार परिषदेनंतर जेवण आणि पिशवी देतात. घ्यायची का?

हॉटेलातलं जेवण जेवा, भूक लागते. पिशवीत पेन-डायरी असेल तर ठीक. पाकीट असेल तर तिथल्या तिथे परत, हसून. आपण परत केलं हे ऑफिसात सांगून ठेवा, म्हणजे नंतर कुणी काही म्हटलं तरी तुमच्यावर येत नाही.

१६. बातमी एआयकडून लिहून घेतली तर?

आमच्याकडे नाही. नुसतं 'नाही' म्हणून सोडत नाही, कारणही सांगते: ते तुमच्यासाठी सरपंचांचं छान वाक्य तयार करतं, जे सरपंच बोललेच नाहीत. सही मात्र तुमची. दैनिकाचं काही धोरण असेल तर ते आधी विचारून घ्या.

१७. माझे काका पंच (पंचायत सदस्य) आहेत आणि बातमी त्यांच्याच वॉर्डाची आहे. मी करू का?

दर वर्षी हा प्रश्न येतोच. राज्य एवढंसं, बारा तालुक्यांचं. पंच, कंत्राटदार, तक्रारदार यांपैकी एक जण तरी नात्यात किंवा शाळेतला निघतो. नातं लपवू नका, बातमी सुचवतानाच सांगा. मग बहुधा टीप तुमची राहते आणि बातमी दुसरा कुणी करतो. काकांना आधी वाचायला देऊ नका. काकांचं म्हणणं घ्यायचं तर ते दुसऱ्याने, रीतसर फोन करून घ्यावं.

बाजू उलटी असेल, म्हणजे काकांच्या विरोधकाची बातमी असेल, तरी नियम हाच. मुलं हे विसरतात.

१८. मुलगी आहे. उशीर झाला तर घरी कशी जाऊ? आणि कुणी त्रास दिला तर?

ग्रामीण पानं लवकर सुटतात, शहर आणि पहिलं पान रात्री उशिरा. तुमच्या गावाची शेवटची बस किती वाजता, हे पहिल्या दिवशी वृत्तसंपादकांना सांगा आणि त्यानुसार कामाची पाळी मागा. मागितल्यावर बहुतेक ठिकाणी मिळते, न मागता कुणाच्या ध्यानात येत नाही. आईबाबांना ऑफिसचा नंबर द्या.

त्रासाचं म्हणाल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शिकाऊंना आणि बिनपगारी काम करणाऱ्यांनाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते. तिच्यावर कोण आहे, ते नोटीस बोर्डावर पाहा. छळ बाहेर, एखाद्या मुलाखतीला गेल्यावर झाला तरी सांगा. "बातमीसाठी सहन केलं" असं कुणी अभिमानाने सांगितलं तर ऐकू नका.

१९. प्रमाणपत्र कधी मिळतं? क्रेडिटसाठी काय जमवायचं?

नव्या चार वर्षांच्या पदवीत इंटर्नशिपला क्रेडिट असतात, पण किती तास आणि कोणता नमुना, हे कॉलेज ठरवतं. रुजू होण्याआधी तो कागद आणा. रोजची नोंदवही ठेवा, आठवड्याला सही घ्या. सहा आठवड्यांच्या सह्या शेवटच्या दिवशी मागणारे दर वर्षी दोघे-तिघे असतात आणि नेमके त्याच दिवशी साहेब रजेवर. कात्रणं कापताना तारीख आणि पान क्रमांक मागे लिहा, बिनतारखेचं कात्रण पुढे कुणी विचारत नाही.

२०. माझी एक बातमी छापलीच नाही. इंटर्नशिप संपली. ती दुसऱ्या दैनिकाला देऊ का?

आधी इथे विचारा, लेखी, साधा मेसेज: "ती मानसची बातमी लागणार आहे का?" कधी बातमी मारलेली नसते, जाहिराती आल्या म्हणून मागे राहिलेली असते. आठवडाभर उत्तर आलं नाही किंवा नाही म्हणाले तर विषय तुमचा, घेऊन जा. मात्र इथल्या नावाने घेतलेल्या मुलाखती तशाच उचलू नका. त्या माणसांना पुन्हा फोन करून सांगा की आता दुसरीकडे लिहितेय, चालेल ना. मुंडकाराचं भांडण असेल तर एव्हाना निकालही लागलेला असेल, तोही विचारून घ्या.